घरची कुपी

आठ मिनिटं झाल्याची घंटी वाजली, डुलणारं यंत्र थांबलं, आणि तिनं तपासणीचं कार्ड उचलून दिव्याखाली धरलं तर दुसऱ्या गोलातही काळे दाणे जमलेले. पहिल्या गोलात ते जमायलाच हवेत. तिथं कंपनीनं मुद्दाम पाठवलेलं रोगी रक्ताचं पाणी असतं, तपासणी नीट चालली आहे की नाही ते कळायला. दुसऱ्या गोलात निरोगी रक्ताचं. तिथं औषधातले काळे कण एकसारखे पसरून राहायचे, राखाडी, गुळगुळीत. अकरा वर्षं ते तसेच राहत आले होते. तिनं कार्ड तिरकं केलं, सरळ केलं, चष्मा काढून पुसला. दाणे हलायला तयार नव्हते. खाली पेशंटांचे गोल ओळीनं होते, सगळे राखाडी, फक्त एकोणीस नंबरचा सोडून. पण एकोणीस नंबरकडे तिचं लक्षच नव्हतं, कारण तो दुसरा गोल तिचा स्वतःचा होता.

किटात दोन चिमुकल्या बाटल्या येतात, एक रोगी, एक निरोगी, आणि निरोगी नेहमी आधी संपते, कारण इतर चार तपासण्यांनाही तिच्यातलाच थेंब उचलला जातो. अकरा वर्षांपूर्वी अशीच संपली तेव्हा डॉक्टरबाई सह्या करता करता म्हणाल्या होत्या, "अहो, तुमचंच वापरा की! तुमच्याइतकं सोवळं रक्त या गल्लीत कुणाचं मिळणार?" हसण्यावारी नेलेली गोष्ट रीत होऊन बसली. दर सहा महिन्यांनी ती रबरी पट्टी दातात धरून आपल्याच डाव्या दंडाला आवळायची, उजव्या हातानं सुई लावायची, रक्त यंत्रात फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायची आणि दहा-बारा कुप्यांत भरून, तारीख घालून, बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. काउंटरवरचे काका त्याला घरची कुपी म्हणत. कुणी पेशंट रिपोर्टावरून हुज्जत घालायला लागला की काका अभिमानानं सांगत, "आमच्याकडे ताईंच्या रक्तावर ताडून पाहतात, चूक निघायची नाही." तिला ते आवडायचं. कुणाला गळा असतो, कुणाच्या हाताला चव असते. आपल्याला हे आहे, असं तिला वाटायचं. नव्या कुप्या कालच भरल्या होत्या. त्यातली पहिली आज उघडली.

तिनं पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा आठ मिनिटं, पुन्हा दाणे. एवढ्यात जिन्यावर डॉक्टरबाईंच्या चपलांचा आवाज आला. त्या एक वाजता यायच्या आणि अडीचला पुढच्या लॅबवर सह्या करायला जायच्या. चार लॅबचा कारभार एका पेनावर चालायचा. त्यांनी पर्स ठेवायच्या आत हिच्या तोंडून निघून गेलं, "किट गेलंय, बाई. निरोगी गोलच जमतोय." वाक्य बाहेर पडल्यावर तिला ते ऐकू आलं. ठरवून ती खोटं बोलली नव्हती. डोळ्यांत काही जाताना पापणी मिटते तसं ते झालं होतं.

"अरे देवा. आणि पेशंटांचे?"

"बाकी सगळे निगेटिव्ह आहेत. एकोणीस नंबर जमलाय."

"कोण एकोणीस?"

"सातवा महिना. तीन महिन्यांपूर्वी आपल्याकडेच केलं होतं, तेव्हा निगेटिव्ह होतं. उद्या सकाळच्या गाडीनं आईकडे जातेय बाळंतपणाला."

"मग झालं तर. किटच गेलंय म्हटल्यावर त्या पोरीच्या मागे कशाला लागायचं? मागचा चांगला आहे ना, आजचाही निगेटिव्ह लिहा." डॉक्टरबाई खुर्चीत टेकल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हा एक शब्द कागदावर आला ना, की घर मोडतं हो. मी पाहिलंय. नवं किट मागवून घ्या." आणि त्यांनी सही केली. दयेनं केली, घाईनंही केली.

एकोणीस नंबर सकाळी आली होती, पोटावर पिशवी टेकवून. बाहेर बाकावर सासू, मांडीवर सगळ्या कागदांची फाइल. "दुखणार नाही असं खोटं सांगू नका हं ताई," ती म्हणाली होती, "दुखू दे. पुढे जे दुखणारे त्याची सवय होईल." आणि स्वतःच हसली. रक्त घेताना ती सुईकडे टक लावून बघत होती. बाकीचे मान फिरवतात. पोटातल्यानं लाथ मारली तशी ती म्हणाली, "बघा, त्यालापण कळतंय." आता डॉक्टरबाई निघून गेल्यावर, काकांनी रिपोर्टांचा गठ्ठा काउंटरवर नेल्यावर, तिला ते पोट दिसायला लागलं. आईच्या रक्तातला हा रोग पोटातल्याला लागतो. मूल मेलेलं जन्मतं, किंवा जन्मून आंधळं होतं, हाडं वाकडी घेऊन येतं. आणि हे सगळं टळायला आईला पेनिसिलिनची सुई वेळेवर मिळाली तरी पुरते. परीक्षेत हा प्रश्न तिला आला होता. पाच मार्कांना होता आणि तिनं तो पूर्ण लिहिला होता.

किट गेलं असेल तर सगळंच ठीक होतं. किट गेलं नसेल तर ती पोरगी उद्या सकाळी हातात खोटा कागद घेऊन गाडीत बसणार होती. ते पाहायला एक मार्ग होता, तो तिला मघापासून ठाऊक होता, आणि म्हणूनच ती ओटा पुसत होती, नळ्या मोजत होती, नको ती कामं उपसत होती. बर्फाच्या कप्प्यात, अगदी मागे, सहा महिन्यांपूर्वीची एक कुपी शिल्लक होती. शेवटी तिनं ती काढली, तळव्यात धरून वितळवली. एका गोलात सहा महिन्यांपूर्वीची ती, शेजारच्या गोलात कालची ती. वर औषधाचा थेंब. यंत्र डुलायला लागलं आणि ती स्टुलावर बसली. आठ मिनिटं.

आठ मिनिटांत माणूस बरंच काही पाहतो, मुद्दाम न पाहिलेलं तर आधी. नवऱ्याचे तळहात. तो लिफ्टा दुरुस्त करतो. दहा मजले, वीस मजले, परगावच्या इमारतीसुद्धा, तीन-तीन दिवस मुक्काम. ग्रीस आणि रॉकेलनं त्याचे हात कायमचे काळवंडलेले, त्यामुळे पाच-साडेपाच महिन्यांपूर्वी तळव्यांवर तांबूस ठिपके उठले तेव्हा तोच म्हणाला होता, "नव्या ग्रीसची ॲलर्जी दिसते." आणि तिनं मान डोलावली होती. त्याचा हात आपल्या मांडीवर घेऊन, टीव्ही बघत बघत, तिनं त्याला मलम चोळलं होतं, एकेका ठिपक्यावर, बोटांच्या बेचक्यांतून. तळपायांवरही होते. ग्रीस तळपायांना लावून कोण काम करतं? पुस्तकात चित्र होतं, रंगीत, तळहात आणि तळपाय, खाली रोगाचं नाव. मुलींनी वसतिगृहात ते पान चिमटीत धरून उलटलं होतं. रोज चाळीस लोकांच्या रक्तात जो ती शोधत होती, तो तिच्या मांडीवर हात पसरून बसला होता आणि ती त्याला मलम लावत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! ठिपके महिन्याभरात आपोआप गेले. तिनं मलमाचं कौतुक शेजारणीला सांगितलं.

मग तो हॉलमध्ये झोपायला लागला, पाठ दुखते म्हणून. तिला वाटलं, वय झालं. तिचंही झालंच होतं. पाळी मागेपुढे होत होती, अंगात कसकस यायची, तोंडात पांढरे चट्टे आले ते पित्तावर घातले. केस गळायला लागले. सरसकट गळत नव्हते, इथं एक टिकली, तिथं एक, कुरतडल्यासारखे. न्हाणीघराच्या जाळीवरून ती गुंतवळ उचलायची आणि कागदात बांधून टाकायची, त्याला दिसू नये म्हणून. पण त्यानं पाहिलं होतं. एके संध्याकाळी तो तिच्यासाठी केसांच्या तेलाची बाटली घेऊन आला, न सांगता, चांगल्यापैकी. वीस वर्षांत त्यानं आपणहून तिच्यासाठी काही आणल्याचं तिला आठवेना. "लाव जरा," म्हणाला, "जपत नाहीस स्वतःला." आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. ती हरखून गेली होती. तेल डोक्यावर घालताना तिला एकदम रडू आलं होतं, सुखाचं. आता स्टुलावर बसून तिला ते सुख आठवलं आणि केसांतल्या एका विरळ टिकलीवर बोट गेलं. कुठलं हॉटेल? कुठला मुक्काम? एकदाच, की सवय? ती कोण, तिलाही कुणी मलम लावत होतं का? राग यायला हवा होता. पण रागाच्या जागी लाजच येत होती, आणि ही लाज आपली नाही हे पक्कं कळत असूनही ती येत होती. कशाला घातला आपण आपला दंड पुढे? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घंटी वाजली. एक गोल राखाडी, गुळगुळीत. शेजारच्यात दाणे. एकच किट, एकच औषध, एकच बाई, मधे सहा महिने. अजून एक पळवाट होती. ताप, संधिवात, कशाकशानंही कधीकधी खोटे दाणे जमतात, पण पाणी पातळ करत गेलं की ते विरून जातात. तिनं कालचं पाणी दुप्पट पातळ केलं, चौपट केलं, आठपट, सोळापट. बत्तीसपटीलाही दाणे तसेच, ठसठशीत. मग एकोणीस नंबरचं घेतलं. तिचेही विरले नाहीत. किट उत्तम होतं. एवढं चांगलं किट कंपनीनं पूर्वी कधी पाठवलं नसेल.

झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला फक्त गप्प बसायचं होतं. उद्या कुठेतरी लांब, जिथं कुणी ओळखत नाही अशा दवाखान्यात जाऊन सुई घ्यायची, कुप्या मोरीत ओतायच्या, नवं किट मागवायचं. कुणाला काही कळलं नसतं. तिनं पाचव्यांदा हात धुतले आणि काउंटरवर आली. "एकोणीस नंबरचा रिपोर्ट परत द्या, काका. चूक झालीये."

"गेला की! सासूबाई घेऊन गेल्या, वीस मिनिटं झाली. फार खूश होत्या." काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "चूक? आपल्याकडे?"

तिनं आधी डॉक्टरबाईंना फोन लावला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "किट चांगलं आहे, बाई. एकोणीस नंबर खरंच पॉझिटिव्ह आहे."

"मघाशी तर म्हणालात, निरोगी गोल जमतोय म्हणून?"

"निरोगी गोल माझा आहे."

हॉर्न वाजत राहिले. डॉक्टरबाई शहाण्या होत्या, त्यांना दुसरं वाक्य लागलं नाही. त्या म्हणाल्या, "मुलीला परत बोलवा. तिच्या डॉक्टरांना मी फोन करते, आजच सुई देतील." मग आवाज खाली आणून, "आणि तुम्ही उद्या येऊ नका. दोन-चार दिवस. तुमच्याच भल्यासाठी म्हणते हो." कालपर्यंत त्या तिच्याच कपातला अर्धा चहा घ्यायच्या.

रजिस्टरातल्या नंबरवर सासूनं फोन उचलला. कागदात टायपिंगची चूक झालीय, दहा मिनिटांचं काम आहे, सूनबाईंनाही घेऊन या, असं तिनं सांगितलं. साडेपाचला दोघी आल्या. सासू जिना चढून धापा टाकत होती. तिला बाकावर बसवून तिनं पोरीला एकटीला आत घेतलं, दार लोटलं. आत रक्त घ्यायची खुर्ची, एक स्टूल आणि पांढऱ्या नळीचा उजेड, त्यात कुणाचाच चेहरा बरा दिसत नाही. तिनं सरळ सांगितलं. रोगाचं नाव, पोटातल्याला काय होऊ शकतं, सुई, आणि आजच. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. दोन्ही हात पोटावर.

"सुई घेतली की ह्याला काही होणार नाही?"

"आज घेतलीत तर बहुतेक नाही. नवऱ्यालाही घ्यावी लागेल, नाहीतर परत होईल."

"हे कशानं होतं, ताई?"

"नवरा-बायकोच्या संबंधातून. एकाला असलं की दुसऱ्याला."

"म्हणजे आधी एकाला कुठून तरी झालेलं असतं." ती हळूहळू बोलत होती, गणित मांडावं तशी. "मी तर कुठे जातच नाही."

"तुमचा काही दोष नाही. कागदावरून मला कळतंय ते."

"तुम्हाला कळून काय उपयोग? बाहेर बसल्यात त्यांना कळायला पाहिजे. त्या म्हणतील, पोरगं तरी आमचंच कशावरून?" सकाळची हसणारी पोरगी कुठेच नव्हती. "ताई, तुम्हाला नाही समजायचं हे."

"मलाही झालंय," ती म्हणाली. "आज दुपारीच कळलं. तोच रोग. मीही कुठे जात नाही."

हे आपण पहिल्यांदा बोललो, आणि एका परक्या पोरीपाशी, हे तिच्या ध्यानात आलं. वाटलं, पोरगी हात धरेल. निदान बघेल. पोरीनं पाहिलं, पण तिच्या हातमोज्यांकडे पाहिलं, मग दंडावर कालच्या सुईवर चिकटवलेल्या पट्टीकडे, मग आपल्या कोपराकडे. सावकाश तिनं बाही खाली ओढली.

"माझं रक्त तुम्हीच घेतलंत. मागच्या वेळीही."

"सुई नवी होती. तुमच्यासमोर फोडली मी."

"हो. मी बघत होते. मला माहितीये." पोरीनं दाराकडे पाहिलं. "पण त्यांना माहीत नाहीये ना."

तिनं पुढे काही मागितलं नाही. नुसती बघत राहिली, सकाळी सुईकडे बघत होती तशीच, न चुकवता. आणि दार ढकलून सासू आत आली. "किती वेळ? टायपिंगच्या चुकीला दार कशाला लावावं लागतं?"

"रक्तात दोष निघालाय," ती म्हणाली. "आताच्या आता सुई घ्यायला हवी. तुमच्या मुलालाही."

"कसला दोष?"

तिनं नाव सांगितलं. सासूला ते कळेना, तेव्हा लोक म्हणतात तो शब्द सांगितला: गरमी. तो मात्र कळला. सासूची मान सावकाश सुनेकडे वळली, आणि त्या म्हाताऱ्या तोंडावरचं दुपारचं आजीपण पुसून गेलं. "आमच्या घरात?" ती अगदी हळू म्हणाली. "कुठून आणलंस?"

पोरगी आज अशीच घरी गेली तर सुई राहिलीच, हे तिला लख्ख दिसलं. दार बंद होईल, आईकडे निरोप जाईल, मुलाला कुणी विचारणार नाही, कधीच विचारत नाहीत; आणि पोटातलं ते दोन महिने आणखी त्याच रक्तात राहील. अकरा वर्षं आपलं रक्त खरं सांगतं म्हणून तिची मान ताठ होती. बाहेर काकांची खुर्ची करकरली. काका ऐकत होते.

"इथूनच," ती म्हणाली. "तिनं नाही आणलं, माझ्याकडून लागलं. माझ्या रक्तात आहे. मागच्या खेपेला सुईत गफलत झाली, माझी वापरलेली तिला लागली. तिच्याकडून तुमच्या मुलाला. त्याचीही चूक नाही, हिचीही नाही. चूक माझी आहे."

सासूनं एक पाऊल पुढे टाकलं आणि सुनेचा दंड धरून तिला आपल्या मागे ओढलं, रस्त्यात कुत्रं अंगावर आल्यावर लेकराला ओढतात तसं. "नालायक बाई," ती म्हणाली. "पोटुशी पोर होती ती. तुला पोलिसांत देते. आधी सुई, चल गं, आधी सुई. मग बघते हिला." जिन्यावरून तिचा आवाज खालपर्यंत जात राहिला, सुनेला सांभाळून पाय टाक म्हणत. पोरगी एकदाही वळली नाही. पण जाताना तिनं सोडलेला श्वास खोलीत स्पष्ट ऐकू आला होता, आणि त्या श्वासाचा तिला आनंद झाला. दिवसभरातला तेवढाच.

काका दारात उभे होते. "ताई, हे खरं?" त्यांनी विचारलं. ती रक्त घ्यायची खुर्ची पुसायला लागली, तेव्हा त्यांनी काउंटरवरची आपली पाण्याची बाटली उचलली आणि पिशवीत टाकली. मग निरोप न घेता गेले. ती हातमोजे काढत होती, एवढ्यात फोन वाजला. नवरा होता. मागे कुठल्याशा इमारतीतला घुमणारा आवाज.

"अगं, लवकर सुटलोय आज. इथं जवळच आहे. न्यायला येऊ का?"

"या," ती म्हणाली. "वर या. रक्त द्यायचंय तुम्हाला."

तिला वाटलं, तो विचारेल कशाला. ती उत्तर जुळवत होती. फोनमध्ये लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. तो आत शिरला नव्हता.

"माझं नको," तो शेवटी म्हणाला, अगदी समजुतीच्या सुरात. "मी घेतलीय सुई. चार महिने झाले."